चौथ्या गाण्यावरचे अभिप्राय

आमच्या बँडने आयुष्यात एकच अल्बम काढला आणि त्याबद्दल लोकांनी जे जे म्हटलं ते एका दोनशे पानी वहीत आहे. वही माझ्याकडे आली, कारण बाकीच्या तिघांना ती नको होती. अभिप्रायाची वही ठेवायची कल्पनाही माझीच. आमच्या परभणीकडे चित्रांचं प्रदर्शन असो की वाचनालयाचा वर्धापनदिन, दाराशी टेबल, टेबलावर वही आणि सुतळीने बांधलेलं पेन असायचंच. रॉक बँडच्या कार्यक्रमाला असली वही मांडणारे जगात आम्हीच पहिले असू. "लग्नातल्या आहेराची वही वाटतेय," असं म्हणून गिटारवाल्याने माझी यथेच्छ टिंगल केली. पण लोकांनी भरभरून लिहिलं, आणि बहुतेकांनी चौथ्या गाण्याबद्दल लिहिलं.

एका कॉलेजच्या मुलीने लिहिलंय, 'इतकं थेट बोलायची हिंमत मराठीत कुणी केलेली नाही. चौथं गाणं ऐकून अंगावर काटा आला.' एका निवृत्त मास्तरांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली आहे की राजकीय भाष्य धाडसी असलं तरी वाद्यांच्या गोंगाटात शब्द हरवतात, अपवाद चौथ्या गाण्याचा. एका पक्षाच्या कार्यकर्त्याने विचारलंय, आमच्याच नेत्यावर का घसरलात, समोरच्यांवरही एक होऊन जाऊ द्या. खाली स्वतःचं पद अधोरेखित केलंय. आणि आमच्या ऑफिसातल्या एकाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, 'चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला बोलणारा तो म्हातारा एक नंबर! हा ॲक्टर कुठून आणलात?'

तो ॲक्टर नव्हता. ते माझे घरमालक होते.

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा पुण्यातली जागा काही परवडेना, म्हणून मी पौड रस्त्याला कासार आंबोलीत खोली घेतली. अण्णांनी घराच्या मागे तीन खोल्या बांधल्या होत्या, एकीत मी, बाकी दोन्हींत माझ्यासारखेच कुठून कुठून आलेले. अण्णा साठीच्या आसपासचे, टोपी घालणारे, कमी बोलणारे. काकू त्यांच्याहूनही कमी बोलायच्या, पण इंद्रायणी तांदळाचा भात लावला की वासावरून कळायचं, आज आपल्यालाही ताट येणार. घराला लागून गोठा होता. म्हशी विकून वर्ष झालं होतं. आम्हा चौघांना वाजवायला जागा हवी होती, ती मी अण्णांना भीतभीतच मागितली.

"म्हशी गेल्यापास्नं गोठा लई गप झालाय," अण्णा म्हणाले. "वाजवा."

शेजारपाजाऱ्यांनी कुरकुर केली तेव्हा त्यांना अण्णांनीच गप्प बसवलं. दर रविवारी सकाळी गायक कोथरूडहून, गिटारवाला आणि ड्रमवाला पिरंगुटहून यायचे. मी गाणी लिहायचो आणि रेकॉर्डिंगचं सगळं माझ्या कॉम्प्युटरवर करायचो. आम्ही चौघेही पगारी नोकर, सोमवार ते शुक्रवार मान खाली घालून काम करणारे. रविवारी मात्र आम्हाला सगळ्या जगाचा राग यायचा. फ्लेक्सवर झळकणाऱ्या पुढाऱ्यांचा, डोंगरात तळ्याकाठी उभ्या राहणाऱ्या परदेशी थाटाच्या शहराचा, टेकड्या फोडणाऱ्यांचा. त्या रागाची नऊ गाणी झाली.

चौथं गाणं गुंठामंत्र्यावर होतं. गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून गळ्यात सोनं आणि दारात गाडी मिरवणाऱ्याला पुण्याच्या आसपास गुंठामंत्री म्हणतात. शब्द फार गमतीशीर आहे, विशेषतः ज्याच्याकडे विकायला कधीच जमीन नव्हती त्याला. माझ्याकडे नव्हती. गाणं मी एका बैठकीत लिहून काढलं आणि स्वतःवरच खूश झालो.

गाण्याच्या सुरुवातीला खऱ्या माणसाचं बोलणं असावं, ही गायकाची सूचना. खरा माणूस गोठ्याच्या दारातच बसलेला असायचा. एका रविवारी बाकीचे तिघे टपरीवर चहाला गेले असताना मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, जमीन विकल्यावर काय केलंत ते जरा माइकसमोर सांगता का? रेकॉर्ड करतोय."

"ह्ये तुमच्या गान्यात जाईल?"

"जाईल की."

अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. फोटो काढायला बसतात तसे ताठ बसले आणि बोलायला लागले. "विकली. वढ्याखालची समदी विकली. आन पयल्यांदा काय केलं, तर गाडी घेतली. पांढरी. लई भारी वाटलं." मग थोडं थांबून म्हणाले, "थोरली व्हती तवा दारात गाडी न्हवती." आणि तिथून पुढे ते अडीच-तीन मिनिटं थोरलीबद्दलच बोलले. तिचं नाव घेऊन बोलले.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. मी तिला पाहिलेलं नाही, मी यायच्या कितीतरी आधी ती गेली होती. एकोणीस वर्षांची होती, एवढं मला शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूने सांगितलं होतं. श्रावणातल्या एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, गावात एकच जीप होती आणि ती बाजाराला गेली होती. जीप परत येईपर्यंत दुपार झाली, आणि पौड यायच्या आधीच रस्त्यात सगळं संपलं. त्या घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नावही निघत नसे. अण्णा काकूंसमोर काढत नसत आणि काकू अण्णांसमोर. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती. ती त्यांनी गावासाठीच घेतली होती, म्हटलं तरी चालेल. कुणी आजारी पडलं, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, की पुतण्या चालवायला बसायचा. मला कावीळ झाली तेव्हा मीही त्याच गाडीतून दवाखान्यात गेलो होतो. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी पुढे जे केलं ते केलं, आणि याला मी दुसरं काही नाव देऊ शकत नाही, नालायकपणा म्हणतो.

चहा पिऊन आलेल्यांना मी रेकॉर्डिंग ऐकवायला घेतलं. 'लई भारी वाटलं' इथे गायक टाळी वाजवून ओरडला, "बस! इथेच काप, इथूनच गिटार घुसव."

"पुढे मुलीबद्दल आहे रे," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. पुढचं ऐकून लोक रडतील. आपल्याला रडवायचंय का? आपल्याला चिडवायचंय."

पुढचं त्या तिघांनी ऐकलंच नाही. मी कापलं. गायकाला बोल लावायचा मोह मला आजही होतो, पण तो ओरडला फक्त, हात माझा होता. कापायला चार रविवार लागले. शेवटचा श्वास कुठे संपतो, खोकला कुठे येतो, मागे कोंबडा कुठे ओरडतो, हे बघत मी ते तीन मिनिटांचं बोलणं तीस-चाळीस वेळा तरी पुढेमागे केलं असेल. शेवटी अण्णांची चार-पाच वाक्यं उरली आणि त्यांच्या पाठोपाठ असा काही दणका बसायचा की ऐकणारा हसलाच पाहिजे.

प्रकाशन पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये झालं. 'पांढरी' या शब्दाला पहिला हशा आला, 'लई भारी'ला त्याहून मोठा. मीही हसलो. नुसतं दाखवायला नाही, मनापासून हसलो. कार्यक्रम संपल्यावर लोक वहीपाशी रांग लावून उभे होते आणि मी पेनची सुतळी सोडवत होतो, इतकी ती गुंतली होती.

त्यानंतर तीन आठवडे मी अण्णांना टाळलं. ते विचारायचे, "आली का तुमची शीडी?" आणि मी सांगायचो की अजून छापून यायची आहे. मला भीती होती ती एकच, की आपली चेष्टा झालेली ऐकून अण्णा संतापतील, खोली सोडा म्हणतील. त्याची तयारी मी मनाशी करत होतो, दोन-चार माफीची वाक्यंही जुळवून ठेवली होती. शेवटी एका रविवारी गायक आला आणि त्याने अण्णांच्या पाया पडून सीडी त्यांच्या हातात ठेवली. त्याला यातलं काहीच टोचत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी खोलीचं दार उघडलं तर पडवीत सतरंज्या अंथरलेल्या. वेल्ह्याकडून अण्णांची बहीण आणि मेहुणे आले होते, भावकीतले सात-आठ जण होते, पुतण्या होता. माझाच कॉम्प्युटर आणि स्पीकर पडवीत स्टुलावर मांडायला मला सांगण्यात आलं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकू नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मुलगी गेल्यापासून त्या चारचौघांत अशा येऊन बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, असं पुतण्या माझ्या कानात म्हणाला.

पहिली तीन गाणी सगळ्यांनी निमूटपणे सोसली. चौथं लागलं. अण्णांचा आवाज आला आणि पडवीत खसखस पिकली. मेहुणे म्हणाले, "आरं तिच्या मायला, पाव्हणं रेडिओत!" गाण्यात गुंठामंत्र्याची जी काही धुलाई होती त्यावर भावकीतले पोट धरून हसले, एकमेकांना कोपरं मारायला लागले, आणि अण्णाही हसले. सुटलो, असं मला वाटलं.

पाचवं गाणं सुरू झालं तसे अण्णा जरा पुढे सरकून बसले. सहावं, सातवं. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ते हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि गिटार वाजायला लागली की हात खाली घ्यायचे. माझ्या लक्षात येईना, ते कशाची वाट बघताहेत. नववं संपलं.

"संपलं?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"पल्टी करा की."

मला कळेना. अण्णा स्वतः उठले, खोक्यातून बाहेर आलेल्या ताटलीवरची सीडी दोन बोटांनी उचलली, उलटी करून ठेवली आणि ताटली हाताने आत ढकलली. "पल्याड आसंल बाकीचं. तिचं नाव घ्येतलंय मी त्यात." बहिणीकडे वळून ते म्हणाले, "थांबा वाईच, आता येतंय."

कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला आणि थांबला. सगळे त्या स्पीकरकडे बघत होते. काकू उंबऱ्यातून उठून दोन पावलं पुढे आल्या होत्या. अण्णांनी या सगळ्यांना गाणी ऐकायला बोलावलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपण लेकीबद्दल बोललो, ते पोरांनी गाण्यात घातलं, आता ते कायमचं झालं. जे आपल्याला घरात बोलता आलं नाही ते तिच्या आईला सगळ्यांसोबत बसून एकदा ऐकता येईल. कॅसेटीला दोन बाजू असतात, यालाही असतील, हा त्यांचा हिशेब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, याला दुसरी बाजू नसते," मी म्हणालो.

"मग बाकीचं कुटं हाय?"

"गाणं मोठं होत होतं, म्हणून... पुढच्या अल्बममध्ये घेणार आहोत."

कसं सुचलं कोण जाणे. खोटं बोलायला मला एक क्षण लागला नाही. काकू वळल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. भावकीतले पांगले.

गायकही आला होता, त्याने उत्साहाने वही आणली होती, गावकऱ्यांचे अभिप्राय घ्यायला. अण्णा चौथी शिकलेले, पण लिहायची सवय गेलेली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "लिवा." मी पेन घेतलं. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं आणि ते अजूनही तसंच आहे: 'गानी चांगली हायेत. पोरांनी लई मेहनत घेतलीया. आवाज वाईच मोठा हाय. बाकीचं पुडल्या खेपंला घ्यावं ही इनंती.' खाली त्यांनी सही केली, एकेक अक्षर जुळवत.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटर खोलीत नेला आणि मूळ रेकॉर्डिंग शोधायला बसलो. ते कुठेच नव्हतं. ऑफिसात माझी ख्याती होती की काम संपलं की हा माणूस जुन्या फायली पुसून जागा मोकळी करतो, साहेब इतरांना माझं उदाहरण द्यायचे. अल्बम पूर्ण झाल्यावर मी त्याच टापटिपीने सगळी कच्ची रेकॉर्डिंग पुसून टाकली होती आणि वर कॉम्प्युटर फॉरमॅट करून पुन्हा नव्याने भरून घेतला होता. ओळखीच्या दोघा-तिघांना दाखवून पाहिलं. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली.

एकदा धीर करून मी अण्णांना म्हणालो, "ते बोलणं पुन्हा एकदा रेकॉर्ड करूया का? आवाज थोडा खराब आलाय." हेही खोटंच.

अण्णांनी गोठ्याकडे पाहिलं. "त्या दिशी निगालं त्वांडातनं," ते म्हणाले. "आता न्हाई निगायचं. तुमच्याकडं हाय त्येच घ्या."

दुसरा अल्बम काही झाला नाही. गायकाला बंगळूरला चांगली नोकरी लागली, ड्रमवाल्याचं लग्न झालं, आणि आमच्या रागाचं काय झालं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी महाळुंग्याला फ्लॅट घेतला. त्यानंतरही वर्षा-दोन वर्षांत कधी पौडच्या बाजारात अण्णा भेटायचे. दर वेळी एकच प्रश्न. "दुसरी कवा काढताय?" आणि मी, वयाने तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, दर वेळी म्हणायचो, "काढतोय अण्णा, काम चालू आहे."

दोन हजार दहाच्या थंडीत अण्णा गेले. पुतण्याचा फोन आला. मी सातव्या दिवशी दुपारी भेटायला गेलो. पडवीत पुरुषमंडळी बसली होती, मी त्यांच्याशी जे बोलायचं असतं ते बोललो आणि आत गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाकीच्या बायांना बाहेर जायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एकट्याने कधी बोलल्या नव्हत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "त्ये बोलल्यालं तेवडं मला द्या. गान्यात नगा घालू. नुसतं द्या."

मी सगळं सांगितलं. कापलं ते, पुसलं ते, आणि इतकी वर्षं अण्णांच्या तोंडावर खोटं बोलत राहिलो ते. मला वाटलं होतं, त्या मला घराबाहेर काढतील. काढायला हवं होतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग त्वांडानं सांगा. तुमी ऐकलंय न्हवं?"

ऐकलं होतं. जगात मीच एकट्याने ऐकलं होतं, एकदा नव्हे, चाळीस वेळा. पण मी पडद्यावरच्या रेघा बघत ऐकलं होतं, कुठे थांबतात, कुठून कापता येईल, एवढंच शोधत. ते कितव्या सेकंदाला खोकले हे मी तेव्हा सांगू शकलो असतो. 'थोरली व्हती तवा दारात गाडी न्हवती' हे वाक्य मी काकूंना सांगितलं आणि पुढे काहीच येईना. डोळे मिटून आठवायला लागलो, तर आवाज ऐकू येत होता, शब्द नव्हते. मनाने काहीतरी रचून सांगावं, असंही वाटून गेलं. कुठलाही बाप लेकीबद्दल बोलेल तसली दोन-चार वाक्यं. ते धाडस मात्र मला झालं नाही. त्या माणसाचे शब्द मी एकदा तोडले होते, आता माझे त्याच्या तोंडात कसे घालू?

"मधे एकदा हसले होते," मी म्हणालो. एवढंच मला खरोखर आठवत होतं.

काकूंनी मान वर केली. "हसलं? तिच्याबद्दल बोलताना?"

"हो."

"कशाला हसलं?"

"आठवत नाही काकू."

"आठवून बगा की वाईच." त्या सरकून माझ्याजवळ आल्या. "शाळंतल्या बाईंची नक्कल करायची, त्ये सांगितलं का? का जांबळीच्या झाडावर चढून बसली व्हती दिसभर, त्ये?"

मी दोन्ही वेळा मान हलवली, नाही म्हणून नाही, ठाऊक नाही म्हणून.

"मग रेडकाचं आसंल. रेडकाला माझी पावडर लावली व्हती तिनं, समदा डबा रिकामा केला. त्ये लई हसलं व्हतं तवा. त्येच सांगितलं आसंल. त्येच न्हवं?"

मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.